दचकीने निवडलेला पंप

अंगठ्याने टायर दाबलं आणि अंगठा आत गेला.

बस, एवढंच खटकलं होतं मला. आदल्या संध्याकाळी दगडासारखं कडक असलेलं टायर सकाळी भिजवलेल्या पिठासारखं मऊ! काटा नाही, खिळा नाही, आवाजही नाही. त्या एका अंगठ्यापासून आमच्या ग्रुपमध्ये जे किस्से सुरू झाले, ते आता रबरात रुतलेल्या सराट्यांसारखे झालेत. एक काढायला बसावं तर शेजारी दुसरा दिसतो, आणि तो काढावा तर तिसरा बोटाला टोचतो!

सराटे म्हटलं आणि आठवलं, आमच्या ग्रुपचं नावच 'सराटा सायकल ग्रुप, वाशीम'. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला सायकल उतरवली की चाकाला हे काटे लागलेच म्हणून समजा. ग्रुपच्या प्रमुख प्रणिताताई. शाळेत खेळाच्या शिक्षिका आहेत, त्यामुळे रविवारीसुद्धा बोलताना गळ्यात शिट्टी असल्यासारख्या बोलतात. मग गजूभाऊ. शेलूबाजारला कृषी केंद्र, पोट मोठं, मन त्याहून मोठं. मग दातांचे डॉक्टर. त्यांना आम्ही नुसतं डॉक्टर म्हणतो, आणि ते सायकलला पेशंट म्हणतात. आणि चौथी मी, कल्याणी. कॉलेज झालंय, पण ग्रुपमध्ये मला या नावाने कुणी ओळखत नाही. मी 'दचकी'. कुकरची शिट्टी, दाराची कडी, मागून आलेला स्कूटरचा हॉर्न, काहीही झालं तरी मी जमिनीपासून वीतभर वर!

आणि नशीब बघा, याच मुलीने सायकल घेतली ती ट्यूबलेस.

म्हणजे टायरच्या आत ट्यूब नाही. नुसती हवा, आणि वाटीभर पांढरं पातळ सोल्युशन. सराटा घुसला की ते सोल्युशन धावत जाऊन भोक बुजवतं. आमच्या भागात तर वरदानच! पण या टायरची हवा आपोआप थोडी थोडी उतरत राहते, म्हणून घरी चांगला पंप लागतो. आणि कधी टायर रिंगवरून सुटलंच, तर त्याच्या कडा परत खाचेत बसवायला एका दमात भसकन हवा सोडावी लागते. साधा पंप इकडून भरतो तोवर तिकडून फुस्स. कडा नीट बसल्या की फटाक्यासारखा आवाज होतो. ठप्प! तो आवाज झाला की जिंकलात.

आता सांगा, जिने आयुष्यभर आवाजापासून पळ काढला, तिला नेमका आवाजच हवा!

"ग्रुपसाठी फ्लोअर पंप घ्यायचा," प्रणिताताईंनी जाहीर केलं. "म्हणजे जमिनीवर उभा ठेवून दोन्ही हातांनी मारायचा. निवडणार कल्याणी."

"मी? ताई, मला तर भीती वाटते!"

"म्हणूनच. धीट माणूस दुकानात दिसेल तो पहिला उचलून आणतो. घाबरट माणूस सगळे रिव्ह्यू वाचतो!"

* * *

पंप येईपर्यंत काय करायचं? मी सायकल घेऊन पंक्चरच्या दुकानात गेले. दुकानदार सज्जन माणूस. त्याने टायर दाबलं, मान हलवली आणि मी "अहो, ते ट्यूबलेस..." म्हणेपर्यंत लोखंडी पट्टी घालून टायर उघडलंसुद्धा.

पांढऱ्या सोल्युशनची धार त्याच्या शर्टावर, बनियनवर आणि अर्ध्या मिशीवर!

तो दोन पावलं मागे सरला. वाकून टायरच्या आत पाहिलं. हात घालून चाचपलं. मग माझ्याकडे इतक्या कळवळ्याने पाहिलं, की मलाच रडू येईल असं वाटलं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "तुमी कुठी दुसरीकडे दाखोली होती का सायकल?"

"नाही. का हो?"

"कोन्तरी ट्यूब चोरली तुमची. अन् समजू नाही म्हनून आत मठ्ठा भरून देला!"

* * *

मग मी खरोखरच अभ्यासाला बसले. पंपाचा पाय रुंद हवा, म्हणजे डुगडुगणार नाही. नळी लांब हवी. दाब दाखवणारा काटा न वाकता वाचता आला पाहिजे. आमच्या सायकलींचे वॉल्व्ह बारीक तोंडाचे, गजूभाऊंचा मोटरसायकलसारखा जाड, तर एकाच तोंडात दोन्ही बसले पाहिजेत. आणि टाकी! पंपाला जोडलेली एक टाकी असते. तिच्यात आधी हवा कोंडायची आणि मग खटका दाबून एकदम सोडायची. ट्यूबलेससाठी तीच खरी.

गजूभाऊंची अमरावतीला चक्कर होती, म्हणून मी त्यांना फोन केला. रेंज अशी, की एक शब्द येतो आणि दोन गळतात.

"गजूभाऊ, फ्लोअर पंप बघून याल का?"

"हॅलो! कोन्ता पंप?"

"फ्लोअर! फ्लोअर पंप! नळी लांब हवी, टाकी हवी, दट्ट्या मजबूत, आणि कुठून गळायला नको!"

"अवं, हे काय सांगाची गोष्ट हाय? आपला धंदाच हाय तो!"

मी निश्चिंत झाले. तीच माझी चूक.

रविवारी सकाळी गजूभाऊ खोकं घेऊन हजर. आम्ही तिघं भोवती उभे. खोकं उघडलं, आणि आत पिवळ्या टाकीचा, पट्टे लावून पाठीवर घ्यायचा, सोयाबीनवर औषध मारायचा पंप!

"गजूभाऊ, हे काय?"

"फवारा पंप! तूच म्हने न वं, फवारा पंप!"

"फ्लोअर हो! फ्लोअर!"

गजूभाऊ खोक्याकडे बघत राहिले. मग बोटांवर मोजत म्हणाले, "नळी लांब हाय. टाकी हाय. दट्ट्या मजबूत हाय. गळत नाही. वरून दोन नोझल फुकट हाये." आणि खरंच दुखावलेल्या आवाजात विचारलं, "मंग ह्याच्यात खोट काय ते तं सांग!"

* * *

यानंतरचा किस्सा मी कुणाला सांगत नाही. प्रणिताताई सांगतात, म्हणून आधी मीच सांगून टाकते.

टायरमधला दाब पीएसआयमध्ये मोजतात. आता आमच्या जिल्ह्यात पीएसआय म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे टायर येत नाही. खाकी वर्दी येते, खांद्यावरचे तारे येतात, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर थेट मांडव येतो!

मी परसात उभी राहून ताईंशी फोनवर बोलत होते. आई आत ज्वारी निवडत होती.

"ताई, माझं पीएसआयवरच अडलंय. एक पाहिला, दिसायला देखणा, पण फार लवकर तापतो. दुसरा उंच आहे, पण पाय बारीक, जोर पडला की डुगडुगतो. तिसरा मजबूत आहे हो, पण लोक म्हणतात, थोडे दिवस गेले की खोटं सांगायला लागतो."

आतला ज्वारीचा आवाज थांबला.

"आणि एकशे साठ पीएसआय घेऊन मी काय करू? मला चाळीस पुरे!"

आईने त्याच दुपारी कामरगावच्या मावशीला फोन लावला. संध्याकाळी मावशीचा मला.

"कल्याणे, सगळं समजलं मले. पन चाळीसचा कायले वं? माह्या पाहन्यात सव्वीसचा हाय!"

मावशीसुद्धा टायरच्या दाबात रस घेतेय, या आनंदात मी म्हणाले, "नाही गं मावशी, सव्वीस फारच कमी! सव्वीसवर रिंग खराब होते."

मग मावशी म्हणाली, "बापा! रिंगपर्यंत गोष्ट गेली का तुमची?"

सगळा उलगडा व्हायला रात्रीचं जेवण उजाडावं लागलं. आई पाटावर बसून ऐकत होती. देखणा कोण, डुगडुगणारा कोण, खोटं बोलणारा कोण, सगळं मी पंपांचे फोटो दाखवून सांगितलं. तिचा चेहरा उतरत उतरत गेला.

"म्हंजे पीएसआय म्हंजे नुसती हवा?"

"हवा आणि दाब, आई."

आईने ताट पुढे ओढलं. "मंग काय फरक हाय वं? वर्दीतल्याचंबी तेच असते!"

* * *

शेवटी डॉक्टरांनी टाकीवाले दोन पंप मागवले. पसंत नाही पडला तो परत करायचा. परीक्षा त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या जागेत. मध्ये फक्त एक पातळ भिंत, आणि भिंतीपलीकडे पेशंट बाकावर बसलेले.

पहिला पंप दोन्ही कडा बसवता बसवता दमला. दुसऱ्यासाठी मी वॉल्व्हच्या आतली बारीक काडी काढली, म्हणजे हवा मोकळी आत जाते. ताई शेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"काडी काढली?"

"काढली, ताई!"

"मग हे पांढरं काय येतंय?"

"येऊ दे," डॉक्टर म्हणाले, "फडक्याने पुसून घे. आता दाब. आणखी जोरात. ओरडलीस तरी सोडायचं नाही!"

मी खटका दाबला. ठप्प! मी अशी किंचाळले, की झाडावरचे कावळे उडाले.

"शाब्बास! एक बसली!" डॉक्टर ओरडले. "आता दुसरी!"

ठप्प! पुन्हा किंचाळी. आम्ही चौघंही नाचलो! पंप पक्का झाला! रुंद पाय, लांब नळी, डोळ्यांसमोर काटा, मोठी टाकी. गजूभाऊंनी कुंकू नव्हतं म्हणून पंपाला पांढऱ्या सोल्युशनचाच टिळा लावला.

तेवढ्यात कंपाउंडर दारात आला. चेहरा पडलेला.

"सर," तो म्हणाला, "पेशंट संपले."

* * *

आता खरी अडचण वेगळीच होती. आमची सगळ्यात लांब राइड ठरली होती, वाशीम ते थेट कामरगाव, मावशीच्या गावापर्यंत. आणि आई तयार नव्हती.

माझं हे दचकणं कुठून आलं असं लोक विचारतात, त्यांनी आमच्या घरी यावं. भांडं पडलं तर आम्ही दोघी एकाच वेळी उडतो, आणि मग एकमेकींना पाहून पुन्हा उडतो. तिला दिवसभर एकच चित्र दिसायचं, की मी भर उन्हात रस्त्यात बसलेय आणि सायकल आडवी पडलीय.

"जा," शेवटी ती म्हणाली. "पन एक आयकून ठेव. रस्त्यात बंद पडली म्हनून तुहा फोन आला, की समज सायकल गेली. त्याच दिवशी इकून टाकतो. मले तसा फोन उचलाची हिंमत नाही बाई!"

मी म्हटलं, फोन येणारच नाही. तुझ्यासमोर टायर काढते आणि बसवते, बघ. अंगणात सायकल उलटी केली, टायर सोडवलं, टाकी भरली. आई दाराआड, हातात पिठाचं ताट, डोळे मिटलेले.

ठप्प! मी उडाले. आई उडाली. पीठ दोघींच्याही वर उडालं.

ठप्प!

"मायबाई! दोनदा काहून वाजलं वं?"

"टायरला दोन बाजू असतात ना. दोन्ही कडा बसल्या की दोनदा वाजतं. एकदाच वाजलं तर काम अर्धंच झालं."

आईने केसांवरचं पीठ झटकलं, ताट उचललं आणि आत गेली.

* * *

राइडचा दिवस. प्रणिताताई पुढे, डॉक्टर मधे, मी मागे. गजूभाऊंचा गुडघा दुखत होता, म्हणून ते त्यांचा दुकानाचा टेम्पो घेऊन मागून येत होते. टेम्पोत केळी, पाणी आणि आमचा पंप.

शेलूबाजार मागे पडलं. वाऱ्याची साथ, रस्ता मोकळा, मी चक्क गुणगुणत होते. आणि तुटक्या डांबराच्या धारेवर मागचं चाक आदळलं. फस्स! पांढरं सोल्युशन पाठीपर्यंत उडालं. उतरून पाहते तर टायर दोन्ही बाजूंनी रिंग सोडून लोंबतंय.

डोळ्यांपुढे पहिलं काय आलं असेल? आमच्या अंगणात सायकल बघायला आलेलं गिऱ्हाईक!

समोरच फाट्यावर चहाचं हॉटेल होतं. तिथे सायकल उलटी केली. वॉल्व्हची काडी माझ्या बोटांतून निसटली. डॉक्टर म्हणाले, "टेम्पोत टाकू या का? पुढे बघू."

"नाही."

मी एवढ्या जोरात 'नाही' म्हटलं, की माझी मीच दचकले.

तेवढ्यात गजूभाऊ आले. टेम्पोचं फळकं पाडलं आणि गंभीर चेहऱ्याने पंप काढला. पिवळी टाकी, खांद्याचे पट्टे. फवारा पंप!

ताईंनी नुसतं "गजूभाऊ!" म्हटलं, पण ते ऐकून रस्त्यावरची बैलजोडी थांबली.

"गंमत केली वं! गंमत!" म्हणत त्यांनी आतून आमचा खरा पंप काढला. "हा तं एक गिऱ्हाइकाले द्याचा हाय."

हॉटेलात गर्दी जमली. मी टाकी भरायला लागले. एक आजोबा बिडी विझवून पुढे आले.

"पोरी, हवा भरून राह्यली का बॉम्ब लावून राह्यली?"

पहिल्यांदा खटका दाबला. फुस्स. सगळी हवा कडेने बाहेर. हॉटेलच्या मावशींकडून साबणाचं पाणी मागितलं, कडांना लावलं, म्हणजे त्या सटकन खाचेत जातात. पुन्हा टाकी भरली. काटा चढला. खटका!

ठप्प!

गर्दीने टाळ्या वाजवल्या. गजूभाऊ ओरडले, "झालं! चला रे, केळी खा!"

"नाही झालं," मी म्हणाले.

"अवं, वाजलं न!"

"एकदाच वाजलं."

बिडीवाल्या आजोबांनी शेजाऱ्याला हळूच सांगितलं, "अजून एक बाकी हाय म्हंते."

मी सायकल फिरवून दुसरी कड हाताने खाचेजवळ आणली, साबणाचं पाणी लावलं. मग पंपावर दोन्ही पाय रोवले आणि मारत सुटले. दंड भरून आले, घाम डोळ्यांत गेला, काटा चढत चढत मी आजवर नेला नव्हता तिथपर्यंत गेला. गर्दी एकेक पाऊल मागे सरकत होती. नेहमी सरकणारी मी, आज सगळे सरकत होते! मी डोळे उघडे ठेवले आणि खटका दाबला.

ठप्प!

आजोबा बाकावरून उठले. ताईंचा चहा ताईंच्याच पायावर. डॉक्टरांनी छातीला हात लावला. गजूभाऊंचं अर्धं सोललेलं केळं उडून बशीत पडलं. हॉटेलच्या मावशी "आई गं!" म्हणाल्या.

मी जागची हलले नव्हते.

मग प्रणिताताईंनी आयुष्यात पहिल्यांदा शिस्त मोडली. रस्त्याच्या मधोमध उड्या मारत ओरडल्या, "दचकी दचकली नाही! दचकी दचकली नाही!" अख्खं हॉटेल तेच ओरडायला लागलं, अर्थ न कळता!

मी काडी बसवली, चाळीसपर्यंत हवा भरली, अंगठ्याने टायर दाबलं. अंगठा जागच्या जागी. मग साबणाच्या हातानेच आईला फोन लावला. हे तिला आत्ता, याच मिनिटाला सांगायचं होतं.

रिंग वाजत राहिली. तिने उचलला नाही.

पुन्हा लावला. नाही.

"काकू घरी नसतील," डॉक्टर म्हणाले.

"असते. फोन तिच्या हातातच असतो."

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रस्त्यातून माझा फोन! माझा, राइडच्या मधोमध! तिला दुसरं काय वाटणार?

गजूभाऊंनी केळं गिळलं. "काकू हुशार हाय! फोनच उचलला नाही तं सायकल इका लागत नाही!"

हसले सगळे, मी नाही. माझ्याहून घाबरट बाई घरात एकटी, हातात वाजणारा फोन धरून उभी होती, आणि इकडे सगळं जिंकून झालं होतं. पुन्हा लावला. कपबशांचा आवाज थांबला. बिडीवाले आजोबा कान पुढे करून उभे. ताईंनी माझा फोन स्पीकरवर टाकला.

वाजतोय. वाजतोय. बंद होणार, इतक्यात उचलला.

हॅलो नाही, काय झालं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मग आईने विचारलं,

"एकदा वाजलं का दोनदा?"